स्कूटर ओढत नाही तेव्हा

श्रोतेहो, आमच्या अब्बांनी 1991 साली स्कूटर घेतली तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. दोन-स्ट्रोक इंजिन, डाव्या हाताच्या मुठीत चार गिअर, मागे स्टेपनी. सकाळी चालू झाली नाही तर तिला एका कुशीवर तिरकी करायची आणि मग किक मारायची, हे ज्यांनी केलं आहे त्यांना मी कोणत्या स्कूटरबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. इटलीत पियाजिओनं 1946 साली काढलेल्या वेस्पाचं हे घराणं. आपल्याकडे 1972 साली आलेली, आकुर्डीच्या कारखान्यात बनलेली चेतक त्याच घराण्यातली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव तिला दिलं होतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

अब्बा 2019 साली गेले. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली आणि स्कूटर जिन्याखाली उभी राहिली ती राहिलीच. 2021 साली तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन ती वाढवून घ्यावी लागते. म्हणून एक दिवस पेट्रोल बदललं, किक मारली, ती चालूही झाली. मी बायकोला मागं बसवलं आणि साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाकडे निघालो. पहिल्याच चढाला स्कूटरनं मान टाकली. मूठ पूर्ण पिळली तरी नुसता भोंऽऽ असा दबका आवाज. दुसरा गिअर, मग पहिला. शेवटी बायको उतरून चालू लागली आणि माझ्या पुढे गेली.

एका गॅरेजात दाखवली. तिथल्या मुलानं दुरूनच आवाज ऐकला आणि सांगितलं, "बोअर-पिस्टन गेलंय. इंजिन उघडावं लागेल. आठ-दहा हजार." माझा मुलगा म्हणाला, त्यापेक्षा भंगारात द्या. भंगारवाला वजनावर घ्यायला तयार होता. मला दोघांचंही पटलं नाही, पण दोघांना उत्तर देण्याइतकं ज्ञानही माझ्याकडे नव्हतं. पिकअप म्हणजे काय, तो जातो कुठे, हे मला तीस वर्षं स्कूटरवर बसूनही कळलं नव्हतं.

ते मला एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी शिकवलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दुकान आता मुलगा चालवतो, अण्णा बाहेर स्टुलावर बसून असतात. त्यांनी पाना हातात घेण्याआधी मला एकच प्रश्न विचारला. "शायर, मूठ पिळल्यावर आवाज वाढतो आणि गाडी पळत नाही, की आवाजच वाढत नाही?"

मित्रहो, हा प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा, त्यानं निम्मं काम होतं. आवाज चढतो, इंजिन ओरडतं, पण वेग येत नाही, असं असेल तर इंजिन बिचारं आपलं काम करतंय. क्लचच्या प्लेटा झिजून घसरताहेत, नाहीतर क्लचची वायर फार ताणलेली आहे. उलट इंजिनचा आवाजच दबून राहत असेल तर दुखणं इंजिनात आहे, किंवा गाडीला मागून कुणीतरी धरून ठेवलं आहे. धरणारा बहुधा ब्रेक असतो. अण्णांनी स्कूटर स्टँडवर घेतली आणि न्यूट्रलमध्ये मागचं चाक हातानं फिरवून पाहिलं. ते मोकळं फिरलं. टायरमधली हवा पाहिली. किक पायानं न मारता हातानं हळूच दाबली. ती सहज खाली गेली नाही, मध्ये चांगली अडली. "दम आहे," अण्णा म्हणाले, "पिस्टन शाबूत आहे." माझे आठ-दहा हजार तिथंच वाचले.

आता इंजिनाला काय लागतं? हवा, पेट्रोल आणि योग्य वेळी ठिणगी. पेट्रोलचा मार्ग टाकीच्या झाकणापासून सुरू होतो, ही गोष्ट मला फार आवडली. झाकणाला एक बारीक छिद्र असतं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरलं की तेवढी हवा त्या छिद्रातून आत यावी लागते. ते धुळीनं बुजलं तर गाडी दोन-तीन किलोमीटर नीट पळते आणि मग जीव सोडते. झाकण उघडलं की सुस्स आवाज येतो आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालते. अशा गाड्यांची इंजिनं विनाकारण उघडली गेल्याचं अण्णांनी पाहिलं आहे. माझं छिद्र उघडं होतं.

कार्बोरेटरचं मात्र तसं नव्हतं. पेट्रोल महिनोन्‌महिने साचून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट, पिवळसर थर उरतो. हा थर मेन जेटच्या सुईएवढ्या छिद्रात बसतो. मूठ पूर्ण पिळल्यावर इंजिनाला जे जास्तीचं पेट्रोल हवं असतं ते याच जेटमधून येतं. म्हणून अशी गाडी उभ्या उभ्या छान चालते आणि चढाला रडते. अण्णांनी जेट काढून उजेडाकडे धरला, पेट्रोलनं धुतला, हवेच्या फवाऱ्यानं फुंकला. जेटात तार घालायची नाही असं त्यांनी मला बजावलं. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं. कार्बोरेटरवरची हवेची जाळीही पेट्रोलात धुऊन काढली.

मग स्पार्क प्लग. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ, वैद्यानं पाहावी तशी पाहायची. टोक चहाच्या रंगाचं असेल तर प्रकृती उत्तम. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय, आणि तसंच दामटलं तर पिस्टन चिकटेल. माझा प्लग काळाकुट्ट आणि ओला होता. मॅग्नेटच्या आतले पॉइंट जळके होते, ते घासून त्यांच्यातली फट पुन्हा बसवली. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. ती बिघडली की ठिणगीची वेळही बिघडते, आणि ठिणगी उशिरा पडली तर इंजिन तापतं पण ओढत नाही.

एवढं करून स्कूटर पाऊण सुधारली, पण पूर्ण नाही. तेव्हा अण्णांनी सायलेन्सरचा बोल्ट सोडला, तो बाजूला काढला आणि किक मारली. सगळी गल्ली बाहेर आली, इतका आवाज! पण मूठ पिळताच इंजिन सणसणत चढलं. अण्णा हसले. "कोंडलं होतं हो."

इथे दोन-स्ट्रोकचं मर्म आहे, ते सांगतो. या इंजिनाला वेगळे वॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि पिस्टन खालीवर होताना त्या उघडतो, झाकतो. जळलेला धूर बाहेर जाणं आणि ताजं मिश्रण आत येणं जवळजवळ एकाच क्षणी चालतं. बाजाराच्या दिवशी स्टँडवर लागलेली एसटी आठवा. उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांना जागा नाही. सायलेन्सर आणि धुराची खिडकी काजळीनं भरली की जळका धूर आतच रेंगाळतो आणि ताजं पेट्रोल दारात उभं राहतं. मूठ जितकी पिळाल तितकी गर्दी वाढते. आपण समजतो, इंजिनाला मिळत नाही. खरं तर त्याला टाकता येत नसतं.

ही काजळी आली कुठून? आमच्या अब्बांच्या मायेतून. या इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. माझ्या स्कूटरला लिटरमागे 20 मिली. अब्बा अंदाजानं ओतायचे आणि वर आणखी थोडं. "तेल जास्त पडलं तर इंजिन दुवा देईल," म्हणायचे. जास्तीचं ऑइल नीट जळत नाही, त्याचा कार्बन होतो. त्यात ती बाजारापर्यंत जायची नि यायची, इंजिन कधी चांगलं तापायचंच नाही. आणखी एक गंमत म्हणजे, ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या पेट्रोलचा वाटा तेवढा कमी होतो. अब्बांना हे कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

सायलेन्सरमध्ये अण्णांनी कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी भरून रात्रभर ठेवलं. सकाळी डांबरासारखं काळं पाणी निघालं. हे घरी करू नका. कॉस्टिक कातडी आणि डोळे जाळतं, आणि ॲल्युमिनियमला लागलं तर तेही खातं. हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. म्हणून ब्लॉक उतरवून धुराच्या खिडकीतली आणि पिस्टनच्या माथ्यावरची काजळी त्यांनी बांबूच्या कामटीनं खरवडली. लोखंडी पट्टीनं ओरखडे पडतात.

ही स्कूटर निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. एसटीत चढलेले काही प्रवासी दुसऱ्या दारानं तसेच बाहेर पडावेत, तसं या इंजिनातलं थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं. अशा गाड्या रस्त्यावरून गेल्या त्याचं वाईट वाटून घेऊ नये. पण जी आहे ती निदान कमी धूर ओकणारी असावी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याचीही या जुन्या गाड्यांना काळजी घ्यावी लागते. इथेनॉल पाणी ओढून घेतं. जुन्या रबरी नळ्या त्यानं फुगतात, तडकतात. पाणी फार झालं तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, त्यात ऑइल नसतं, आणि कॉक नेमका तळातून पेट्रोल घेतो. म्हणून मी नळी बदलून घेतली. स्कूटर आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.

अण्णांनी सगळ्याचे मिळून अकराशे रुपये घेतले, त्यात प्लग आणि पॉइंट आले. तपासणीत स्कूटर पास झाली. त्यानंतर आम्ही दोघं पुन्हा यवतेश्वरला निघालो. बहुतेक चढ दुसऱ्या गिअरमध्ये, एका वळणावर तिसऱ्यात. मागून बायकोनं विचारलं, "आता उतरायचं का?" डिकीत खोकल्याच्या औषधाचं 10 मिलीचं झाकण ठेवलं आहे. लिटरला दोन झाकणं, मोजून.