फी भरून मास्टर्स केलं, तर अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळतो का?

भोपाळ : मुलाला किंवा मुलीला अर्थशास्त्रात पीएच.डी. करायची असली की घरात आधी हिशेब निघतो तो मास्टर्सच्या फीचा. कर्ज काढून परदेशात मास्टर्स केलं तर पुढचा प्रवेश सोपा होईल, असं अनेक पालकांना वाटतं. पण पावती बघून कोणी प्रवेश देत नाही.

आधी देशातलं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी मास्टर्सला ५५ टक्के लागतात, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के (आरक्षित गटांना ५ टक्के सूट). मास्टर्स स्वस्तात केलं की महागात, हे नियमात कुठेच नाही. यूजीसीची मान्यता असेल तर दूरस्थ पदवीही चालते. खरा उंबरठा नेटचा. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. ती हुकली आणि उमेदवार फक्त पीएच.डी.साठी पात्र ठरला, तर प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, अशी पद्धत जून २०२४ च्या नेटपासून आली. संशोधनासाठी भोपाळ सोडायलाच हवं असंही नाही. आयसर भोपाळ विज्ञानाची संस्था असली तरी तिथे अर्थशास्त्राचा विभाग आहे.

परदेशात गणित वेगळं. अमेरिकेत बहुतेक नामांकित विद्यापीठांत पीएच.डी.ला मास्टर्सची अट नसते, उलट फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळतो. युरोपात मात्र बऱ्याच ठिकाणी आधी मास्टर्स लागतं. निवड समिती बघते ते गणित, शिफारसपत्रं आणि संशोधनाचा अनुभव. नुसतं बी.कॉम. केलेल्यांची अडचण इथेच होते. कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, रिअल अॅनालिसिस हे विषय झालेले नसतात. ही उणीव भरून निघत असेल, प्रबंध लिहायला मिळत असेल आणि प्राध्यापक नावानिशी ओळखत असतील, तर मास्टर्सचा उपयोग होतो. नाहीतर नुसती पदवी.

एक वर्षाच्या कोर्समध्ये आणखी एक मेख आहे. वर्ग सप्टेंबरात सुरू होतात आणि पीएच.डी.चे अर्ज डिसेंबरात भरायचे असतात. तोवर ना मार्क आलेले असतात, ना शिफारस करण्याइतकी कुणाची ओळख झालेली असते. मग एक वर्ष थांबावं लागतं. दरम्यान कोर्स संपल्यावर साधारण वर्षभरात कर्जाचे हप्ते सुरू होतात. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात आणि स्टायपेंडमधून हप्ता भरणं जड जातं.

महू इथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९१५ मध्ये ते तिथे एम.ए. झाले. लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला १९२० मध्ये ते पुन्हा गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक कामी आली. आजही भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्यात्मक अर्थशास्त्राचं मास्टर्स स्टायपेंड घेऊन करता येतं. प्रवेश परीक्षेत गणित कडक असतं, म्हणून अनेक जण तिकडे फिरकतच नाहीत.

फी भरायचीच असेल, तर आधी त्या विभागाला लेखी विचारावं : गेल्या तीन वर्षांत तुमचे किती विद्यार्थी पीएच.डी.ला गेले, आणि कुठे?