तळघराची गळती: न खोदता, आतून

गेल्या व्याख्यानात आपण कार्यकारणभाव पाहिला. त्यावर एकांनी चिठ्ठी दिली आहे: सोसायटीच्या बेसमेंटची भिंत गळते, बाहेर खोदायला जागा नाही, शेजारची कंपाउंड वॉल चिकटून आहे; करायचं काय? प्रश्न योग्य ठिकाणी आलाय.

आधी ओल कुठली ते बघू. हातभर प्लास्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ. हवा खेळती ठेवा. प्लास्टिकच्या मागे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. नैयायिक म्हणतील, नुसती ओल हा सव्यभिचारी हेतू. पाझर नसतानाही ती दिसते. आणि भर मे महिन्यातही धार तशीच असेल, तर आधी टाकी आणि नळ तपासा.

पावसाळ्यात मातीतलं पाणी चढतं. ३ मीटर उंच पाणी पायथ्याशी दर चौरस मीटरला सुमारे ३ टन दाब देतं. आतून मारलेला रंग हा दाब मागून झेलतो, म्हणून सुटतो. तरी दरवर्षी सोसायट्या रंगच काढतात! पाणी अडवायचं ते भिंतीच्या जाडीत, नाहीतर तिच्या पाठीमागे.

भेग असेल, किंवा भिंत आणि राफ्ट यांचा सांधा (बहुतेकदा चोर तिथेच असतो), तर बाजूने तिरपी भोकं पाडतात. भोकाने भेगेला साधारण भिंतीच्या मध्यावर गाठलं पाहिजे. पॅकर बसवून खालून वर पॉलियुरेथेन दाबायचं. पाणी लागलं की ते फुगतं. शत्रूलाच कामाला लावलं म्हणा ना. पण पाणी शोषून जेल होणारी जात उन्हाळ्यात सुकून आकसते. आपल्याकडे पातळी खाली-वर होते, तेव्हा दुसरी, न आकसणारी जात मागा. इपॉक्सी कोरड्या भेगेसाठी.

सगळी भिंतच पाझरत असेल तर आरपार भोकांतून मागच्या मातीत ॲक्रिलिक जेलचा पडदा धरतात. खर्चिक काम आहे, आणि मागे ड्रेनेजचा पाइप असेल तर जेल त्यात शिरून तो तुंबू शकतो.

तांबूस डाग, सुटलेलं काँक्रीट दिसलं तर मात्र सळई गंजतेय. तिथे वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. एक वाट बंद झाली की पाणी शेजारची शोधतं, तेव्हा पुढच्या पावसाळ्यातली दुसरी फेरी करारातच लिहून घ्या.