भाताच्या रोपांचीं मुळें आणि लावणी

लावणीनंतर कांहीं दिवस भाताचें खाचर पिवळसर दिसतें, हा अनुभव सर्व शेतकरी बंधूंस आहे. परंतु एक खाचर आठवड्यांत हिरवें होतें, तर बांधापलीकडील पंधरवडाभर तसेंच राहतें. पीकपाहणीच्या निमित्तानें आम्हीं हा फरक अनेक वेळां पाहिला आहे. त्याचें कारण बहुधा मुळांत असतें.

उपटलेल्या रोपाचीं जुनीं मुळेंच चिखलांत पुन्हां धरतात, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. रोप उपटतांना मुळांचीं कोवळीं टोकें बरींच तुटतात, त्यामुळें पाणी शोषण्याची शक्ति कमी होते. पानांतून मात्र पाणी उडतच राहतें. म्हणून रोप मलूल होतें. पुढें बुडख्याच्या पेरांतून नवीं पांढरीं मुळें फुटतात आणि त्यांच्या बळावरच रोप जीव धरतें.

या नव्या मुळांस लागणारें अन्न रोपाच्या खोडांत व पानांत सांठलेलें असतें. राब दाट पेरल्यास रोपें उंच पण किडकिडीत होतात व त्यांजपाशीं ही शिल्लक थोडी राहते. म्हणून राब विरळ पेरावा. रोप राबांत फार दिवस राहिल्यास फुटवे येण्याचा काळ तेथेंच सरतो. हळव्या भातांत तो पुढें भरून निघत नाहीं. मादागास्कर बेटांत १९८३ सालीं फादर हेन्री द लोलानिए यांच्या शेतीशाळेंत १५ दिवसांचीं कोवळीं रोपें लावलीं गेलीं, त्यांस भरपूर फुटवे आले. तथापि कोंकणांतील सखल खाचरांत इतकें लहान रोप पावसाच्या पाण्याखालीं बुडण्याचें भय असतें. तेथें २१ ते २५ दिवसांचें रोप बरें.

उपटण्यापूर्वीं राबास भरपूर पाणी द्यावें, म्हणजे मुळें कमी तुटतात. उपटलेल्या मुठी उन्हांत टाकूं नयेत. शक्यतों त्याच दिवशीं लावाव्या. लावणी इंच-दीड इंचाहून खोल करूं नये. खोल गाडलेल्या रोपास वरच्या पेरांतून पुन्हां मुळें काढावीं लागतात व फुटवे उशिरां येतात. भाताच्या मुळांस हवा पानांवाटे, खोडांतील पोकळ्यांतून पोहोंचते. याकरितां आरंभीं पाणी उथळ ठेवावें.

लावणीनंतर आठव्या दिवशीं एक रोप अलगद काढून, धुऊन पाहावें. बुडख्याशीं पांढरीं मुळें दिसल्यास रोप लागलें असें समजावें. जुन्या मुळांवरील तांबूस थर हा दोष नव्हे. मुळें काळीं पडून दुर्गंधि येत असल्यास मात्र एक-दोन दिवस पाणी काढून टाकावें.