कलदार ते स्टील : वऱ्हाडच्या बाजारातला रुपया

दिवाळी जवळ आली की यवतमाळच्या सराफ्यात जुन्या चांदीच्या रुपयाची विचारणा सुरू होते. लक्ष्मीपूजनाच्या पाटावर कोणाला राणीछाप हवा असतो, कोणाला राजाछाप. आजीच्या पेटीतला असला तर त्याचे मोल काय, हेही विचारायला लोक येतात. मुरलेला सराफ आधी तो दगडी फरशीवर टाकून आवाज ऐकतो. मग कडेच्या बारीक रेघांवरून नख फिरवतो. कड कुठे तासली असेल तर नखाला लगेच कळते. शेवटी नाणे काट्यावर जाते. फारसे झिजलेले नसेल तर काटा ११.६६ ग्रॅमच्या आसपास थांबतो, म्हणजे बरोबर एक तोळा.

हा योगायोग नव्हे. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. तोळाही १८० ग्रेनचाच धरला गेला. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणून ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर भरायचा. रुपया हे चलनही होते आणि वजनही.

यवतमाळच्या मुलखात हा रुपया थोडा उशिरा रुळला. वऱ्हाड निजामाचे, १८५३ च्या तहाने ते कंपनीच्या कारभाराखाली आले. त्याआधी बाजारात एका छापाचे राज्य नव्हते. अचलपूरच्या टांकसाळीचे रुपये, नागपूरकर भोसल्यांचे रुपये, हैदराबादी रुपये असे सगळे चालायचे, आणि प्रत्येकावर सराफाचा बट्टा वेगळा. हातोड्याने ठोकलेल्या त्या नाण्यांवर अक्षरे अर्धी उमटायची, कडा वेड्यावाकड्या असायच्या. यंत्रातून निघालेले एकसारखे गोल नाणे आले ते ‘कलदार’ म्हणून ओळखले गेले, आणि व्यापाऱ्यांनी ते उचलून धरले.

जिल्ह्याच्या दक्षिणेला मात्र दोन चलनांचा खेळ पुढेही चालूच राहिला. पैनगंगा ओलांडली की निजामाची हद्द. तिथे ‘हाली सिक्का’ चाले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यावर चारमिनार आला. हाली रुपयात चांदी कमी, त्यामुळे सात हालींना साधारण सहा कलदार असा भाव असे. उमरखेड-महागावकडचा माणूस रेणुकेच्या दर्शनाला माहूरला गेला तरी दुसऱ्या चलनाच्या मुलखात जायचा. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावरही हाली काही वर्षे टिकला आणि पन्नाशीच्या दशकाअखेर कायमचा गेला.

आता राणीछाप जवळून पाहू. एका बाजूला मुकुट घातलेली, डावीकडे पाहणारी व्हिक्टोरिया. पोशाखावरचे नक्षीकाम इतके बारीक की झीज सगळ्यात आधी तिथेच दिसते. दुसऱ्या बाजूला फुलापानांची वेलबुट्टी, मधोमध इंग्रजीत ‘वन रुपी, इंडिया’ आणि खाली साल. १८७६ पर्यंत राणीच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे, १८७७ पासून ‘एम्प्रेस’. दिल्ली दरबारात तिला सम्राज्ञी घोषित केले, त्याची नोंद अशी थेट शेतकऱ्याच्या कनवटीला आली. १८६२ सालचे नाणे सापडले म्हणून हुरळून जाऊ नये. ते साल १८७४ पर्यंत बदललेच नाही, म्हणून त्या सालाचे रुपये भरपूर आहेत.

१८६२ चा ठसा आणि वऱ्हाडच्या कापसाची तेजी एकाच काळातली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्यांची नजर इकडे वळली. कापसाचे भाव चढले, चांदी गावोगाव आली. बँक दूर आणि भरवसा त्याहून दूर, म्हणून ती दागिन्यांत गेली. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर बंजारा बायांनी रुपयांना कड्या जोडून गळ्यात माळा घातल्या. अडीअडचणीला माळेतला रुपया सुटा करायचा, सुगीला पुन्हा ओवायचा. कडी जोडलेल्या अशा नाण्याला संग्राहक आज कमी भाव देतात; त्या बाईचा हिशेब मात्र चोख होता.

१८९३ पर्यंत कोणीही चांदी नेऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या साली सरकारने ही मुभा बंद केली. तेव्हापासून रुपयाची किंमत आतल्या चांदीवर नव्हे, तर सरकारच्या शब्दावर ठरू लागली. छाप तोच आणि वजनही तेच, पण नाण्याचा स्वभाव बदलला तो इथे.

मग राजे बदलत गेले. सातवा एडवर्ड नाण्यावर मुकुटाविना आला. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत एक छोटा हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, बहुतेक नाणी परत वितळवली गेली आणि १९१२ मध्ये हत्ती नीट करून घेतला. आज हाच फसलेला ठसा संग्राहक शोधत असतात.

पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली. १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. लोक नोटा देऊन चांदी मागू लागले, तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे धाव घेतली. अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी होती. त्या काळातल्या पाचव्या जॉर्जच्या रुपयांत मूळचा डॉलरही मिसळलेला आहे.

दुसऱ्या युद्धाने उरलेली कसर भरून काढली. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली, जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेतले गेले. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा होता, एका बाजूला सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला वाघ. राजा गेला तो १९५० मध्ये; सारनाथचे सिंह आले, मागे धान्याची कणसे आली. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९६४ मध्ये नेहरूंचा चेहरा आला आणि स्मारक नाण्यांची रीत पडली.

त्यानंतरचा इतिहास वजन घटण्याचा आहे. बासष्टला दहा ग्रॅम, पंचाहत्तरला तांबे-निकेलचा आठ ग्रॅमचा, त्र्याऐंशीला सहाचा, ब्याण्णवला स्टीलचा पाचाच्या आत. २००७ मध्ये हस्तमुद्रांच्या मालिकेत अंगठा वर केलेला हात आला. २०११ मध्ये रुपयाचे नवे चिन्ह आले आणि वजन ३.७९ ग्रॅमवर उतरले. २०१९ मध्ये दृष्टिहीनांना नाणी ओळखता यावीत म्हणून नवी मालिका काढली. तिच्यातला रुपया २० मिलिमीटरचा, जेमतेम तीन ग्रॅमचा.

खिशातल्या कुठल्याही नाण्याचे गाव अजूनही ओळखता येते. सालाच्या खाली पाहा. चौकटीसारखी खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता.

तीन ग्रॅमच्या नाण्याला सराफाचा काटा लागत नाही. त्याला लागतो तो घेणाऱ्याचा विश्वास, आणि तिथेच आज गडबड होते. लहान रुपया चालत नाही, दहाचे नाणे खोटे आहे, अशा वावड्या अधूनमधून उठतात आणि किराणा दुकानात हुज्जत होते. दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार खरे आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया व त्यावरील नाण्यांनी एक हजार रुपयांपर्यंतची रक्कम चुकती करता येते. तेव्हा ठसा कुठलाही असो, नाणे परत फिरवू नका. आणि पेटीत राणीछाप असेल तर तो चिंच लावून घासू नका. झिजलेली नक्षी पुन्हा येत नाही, आणि जुन्या रुपयाला धातूपेक्षा जास्त भाव मिळतो तो त्या नक्षीपायीच.