सरपंचाचा अविश्वास, राष्ट्रपतींचा महाभियोग

सरपंचावरच्या अविश्वास ठरावाची नोटीस तहसील कार्यालयात येते तेव्हा तिच्यातली कारणं बहुधा तीच असतात. सरपंच सदस्यांना विश्वासात घेत नाहीत, मनमानी कारभार करतात, मासिक सभा वेळेवर लावत नाहीत, वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब देत नाहीत. खाली सह्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे मतदानाचा हक्क असलेल्या किमान एक तृतीयांश सदस्यांनी सही करावी लागते. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत तहसीलदारांनी विशेष सभा बोलवायची आणि अध्यक्षस्थानीही त्यांनीच बसायचं. त्या सात दिवसांत गावात काय चालतं हे नगर जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. सह्या केलेले सदस्य सहलीला नेले जातात, त्यांचे फोन बंद होतात आणि सभेच्या दिवशी गाडी थेट ग्रामपंचायतीच्या दारात येऊन थांबते. आत तहसीलदार ठराव वाचून दाखवतात. ज्याच्यावर ठराव आहे त्या सरपंचाला बोलण्याचा आणि मत देण्याचाही हक्क कलमातच दिलेला आहे. तो बोलतो, पण मतं आधीच ठरलेली असतात. मोजणी होते, इतिवृत्तावर सह्या होतात आणि बाहेर गुलाल उधळला जातो.

राष्ट्राच्या प्रमुखाला पायउतार करण्याच्या रीतीविषयी लिहिताना मी गावापासून सुरुवात केली, कारण आपल्या माणसाने ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली आहे ती गावातच. राष्ट्रपतींवर महाभियोग चालवण्याची तरतूद राज्यघटनेच्या कलम ६१ मध्ये आहे, पण १९५० पासून आजपर्यंत ती एकदाही वापरली गेलेली नाही. नगर जिल्ह्यात ग्रामपंचायती मात्र तेराशेच्या घरात आहेत आणि कुठल्या ना कुठल्या तालुक्यात अविश्वासाची नोटीस फिरत असतेच. आरोप कोणी करायचा, कशाबद्दल करायचा आणि निवाडा कोणी द्यायचा, हे प्रश्न दिल्लीतही तेच आहेत आणि जामखेड-पाथर्डीतही तेच.

कलम ६१ एकदा नीट वाचून पाहण्यासारखं आहे. राष्ट्रपतींवर आरोप ठेवता येतो तो फक्त एका कारणासाठी: घटनेचा भंग. लोकसभा किंवा राज्यसभा, कोणतंही सभागृह तो ठेवू शकतं. किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या आणि चौदा दिवसांची लेखी सूचना त्यासाठी लागते. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर सह्या १३६ होतात. ठराव संमत व्हायला एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश, म्हणजे ३६२ मतं हवीत. नुसते हजर सदस्य मोजून इथे भागत नाही. मग दुसरं सभागृह त्या आरोपाची चौकशी करतं किंवा करवून घेतं. राष्ट्रपती स्वतः हजर राहू शकतात, वकील देऊ शकतात. त्या सभागृहानेही दोन तृतीयांश मतांनी आरोप सिद्ध झाल्याचं जाहीर केलं तर त्याच दिवसापासून राष्ट्रपती पदावर राहत नाहीत. कलम ३६१ मुळे एरवी राष्ट्रपतींना न्यायालयात उत्तर द्यावं लागत नाही. मात्र महाभियोगाच्या चौकशीसाठी सभागृहाने नेमलेल्या न्यायालयापुढे किंवा मंडळापुढे त्यांची वर्तणूक तपासता येते.

या मजकुरात मला खटकणाऱ्या दोन जागा आहेत. ‘घटनेचा भंग’ म्हणजे काय, हे कुठेच सांगितलेलं नाही. दुसरी जागा अधिक गंभीर आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांचे आमदार मत देतात, महाराष्ट्राचे २८८ आमदारही देतात. महाभियोगात त्यांना स्थान नाही. उलट राज्यसभेच्या बारा नामनिर्देशित सदस्यांना राष्ट्रपती निवडताना मत नसतं, पण काढताना असतं. बसवणारे वेगळे आणि उतरवणारे वेगळे, अशी ही रचना आहे.

राज्यकर्त्याला उतरवण्याचा नगरचा जुना इतिहास रक्ताने माखलेला आहे. १५८८ मध्ये पहिल्या मुर्तजा निजामशहाला त्याच्या पोटच्या मुलाने, मिरान हुसेनने, हमामखान्यात कोंडून मारलं. पुढच्याच वर्षी मिरान हुसेनचं डोकं उडवलं गेलं आणि कोवळ्या वयाच्या इस्माईलला गादीवर बसवलं गेलं. १५९१ मध्ये इस्माईलचा बाप बुऱ्हाण चालून आला आणि त्याने मुलाला बाजूला करून तख्त घेतलं. तीन वर्षांत चार सुलतान झाले. १६१० मध्ये मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाचा काटा काढला. नको झालेला धनी बदलण्याचा याखेरीज दुसरा रस्ता त्या काळी नव्हता. आरोप नाही, सुनावणी नाही, उत्तर द्यायला वेळ नाही. पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने ज्यांना निजामशाहीच्या काळच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबलं त्यांच्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव होते. चार-पाच वर्षांत ही मंडळी संविधान सभेत बसली आणि राष्ट्राच्या प्रमुखाला रक्त न सांडता कसं दूर करायचं याचे नियम त्या सभेने लिहिले. किल्ला पाहायला जाणाऱ्याने हे दोन्ही इतिहास मनात ठेवून आत शिरावं असं मला फार वाटतं.

कायद्यात आज दोन निरनिराळे रस्ते आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की घोळ होतो. एक रस्ता अविश्वासाचा. त्याला दोष सिद्ध व्हावा लागत नाही. बहुमत गेलं, खुर्ची गेली. दुसरा रस्ता दोषारोपाचा. ग्रामपंचायत कायद्यात तो कलम ३९ मध्ये आहे. कर्तव्यात गैरवर्तन, लाजिरवाणी वागणूक, कामातली हयगय किंवा असमर्थता अशी कारणं असतील तर विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून काढू शकतात. नगरसाठी ते नाशिकला बसतात. त्याआधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने चौकशी करायची, संबंधिताला नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि अहवाल पाठवायचा. आयुक्तांच्या निर्णयावर राज्य सरकारकडे अपील होतं. इथे मतं मोजायची नसतात, कागद मोजायचे असतात: रोजकीर्द, मोजमाप पुस्तिका, धनादेशांच्या स्थळप्रती, ग्रामसभेचं इतिवृत्त. प्रत्यक्षात मात्र पैशाच्या अफरातफरीचा संशय असला तरी सदस्य कलम ३५ ची वाट धरतात, कारण ती लवकर संपते. सरपंच जातो आणि हिशेब तसाच राहतो. ज्याने खरंच खाल्लं तो सुटतो. ज्याने काही केलं नाही त्याच्या माथी मात्र नोटिशीतली ती चार वाक्यं कायमची बसतात.

निवडून आलेल्याला काढणं ही हलकी गोष्ट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणांत बजावलेलं आहे. उरण नगरपरिषदेचे अध्यक्ष रवी यशवंत भोईर यांना राज्य सरकारने पदावरून दूर केलं होतं. २०१२ मध्ये न्यायालयाने तो आदेश टिकू दिला नाही. अशा कारवाईने माणसाला कलंक लागतो आणि त्याला निवडणाऱ्या मतदारांचाही हक्क जातो, म्हणून ठरलेली पद्धत काटेकोरपणे पाळली पाहिजे आणि पुरावाही तितकाच भक्कम हवा, असा त्या निकालाचा रोख होता. सप्टेंबर २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या सरपंच बाईंचं प्रकरण आलं. सासूच्या सरकारी जागेवरच्या घरात राहतात, असं म्हणून त्यांना अपात्र ठरवलं होतं. न्यायालयाने त्यांना पद परत दिलं. बाई सरपंच झाली, तिच्या हुकुमाने कारभार चालणार, हे गावकऱ्यांना पचलं नाही, हे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मांडलं. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. त्यामुळे हा निकाल गावोगावच्या महिला सरपंचांपर्यंत पोचला पाहिजे.

खुद्द नगर शहरात २०१८ साली जे घडलं ते तर पुस्तकात घालावं असं प्रकरण आहे. फेब्रुवारीत महापालिकेचे तेव्हाचे उपमहापौर श्रीपाद छिंदम यांची ध्वनिफीत पसरली. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आणि शिवजयंतीबद्दल त्यांनी काढलेल्या शब्दांवरून राज्यभर संताप उसळला. पक्षाने त्यांना काढून टाकलं, उपमहापौरपद गेलं, महापालिकेच्या सभेने त्यांचं नगरसेवकपद रद्द करण्याची मागणी केली. महापालिका कायद्याच्या कलम १३ मध्ये गैरवर्तनासाठी नगरसेवकाला काढण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. सरकारचा निर्णय यायच्या आत डिसेंबर २०१८ ची निवडणूक आली आणि तेच छिंदम आपल्या प्रभागातून अपक्ष म्हणून निवडून आले. पुढे २०२० मध्ये सरकारने त्यांचं पद रद्द केलं. त्या शब्दांचं समर्थन कोणी करणार नाही, मीही करत नाही. पण आधीच्या मुदतीतल्या वर्तनासाठी, मतदारांनी सगळं माहीत असताना नंतर दिलेलं पद काढून घ्यावं का, हा प्रश्न नगरने देशापुढे ठेवला. माझं मत असं की निर्णय पहिल्या मुदतीतच, दोन-तीन महिन्यांत व्हायला हवा होता. उशिरा दिलेली शिक्षा मतदारांच्या कौलाच्या आड येते आणि शिक्षेची नि कौलाची, दोन्हींची पत जाते.

निवाडा राजकारण्यांनी दिला की काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावरच्या महाभियोगात देशाने पाहिलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चौदापैकी अकरा आरोपांत त्यांना दोषी धरलं होतं. मे १९९३ मध्ये लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, आणि काँग्रेस आणि तिच्या मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले. ठराव पडला. अमेरिकेतही तेच. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन सिनेटमध्ये एका मताने वाचले. बिल क्लिंटन यांच्यावर एकदा, डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दोनदा महाभियोग चालला आणि तिन्ही वेळा सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं भरली नाहीत. निक्सन यांनी १९७४ मध्ये मतदानाआधीच राजीनामा दिला.

दक्षिण कोरियाने वेगळी वाट काढली आणि मला ती सर्वांत पटते. तिथे आरोप संसद ठेवते, ३०० पैकी २०० मतांनी. निवाडा मात्र संवैधानिक न्यायालय देतं, नऊपैकी किमान सहा न्यायाधीशांच्या मतांनी. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांनी कायदा मोडल्याचं न्यायालयाने मान्य केलं, पण चूक पद काढून घेण्याइतकी मोठी नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. पार्क ग्युन-हे यांना मार्च २०१७ मध्ये आठही न्यायाधीशांनी एकमताने काढलं. रात्री लष्करी कायदा पुकारणाऱ्या युन सुक-योल यांनाही एप्रिल २०२५ मध्ये एकमताने काढलं गेलं. तीन प्रकरणं, तिन्हींत कारणं लिहून दिलेली, आणि चूक किती मोठी असावी याचा मापदंड दर वेळी अधिक स्पष्ट झालेला.

आपल्याकडे नवा विचार झाला तो गावपातळीवर. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे ग्रामसभेला अधिकार द्या म्हणून वर्षानुवर्षं बोलत आले आणि २०११ च्या लोकपाल आंदोलनानंतर निवडून दिलेल्याला परत बोलावण्याचा हक्कही त्यांनी मागितला. खासदार-आमदारांच्या बाबतीत तो मिळाला नाही. सरपंचाच्या बाबतीत मात्र त्याच्या जवळ जाणारी तरतूद झाली. २०१७ मध्ये सरपंचाची निवड थेट जनतेतून सुरू झाली, २०२० मध्ये ती बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. या थेट सरपंचाला काढायचं तर सदस्यांचं तीन चतुर्थांश बहुमत लागतं. मतदानाचा हक्क असलेले अकरा असतील तर नऊ हात वर व्हायला हवेत. तेवढ्याने काम होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली विशेष ग्रामसभा भरते आणि गुप्त मतदानाने गाव त्या ठरावावर शिक्कामोर्तब करतं, नाहीतर तो फेटाळतं. निवडणुकीनंतरची दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने ठराव आणता येत नाही, म्हणजे पाचांपैकी अडीच वर्षंच तो आणता येतो.

ज्यांनी बसवलं त्यांनीच उतरवायचं, हे तत्त्व राष्ट्रपतींच्या कलमात नाही, ते आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. मला याचा अभिमान वाटतो. सदस्य सहलीला नेता येतात, दीड-दोन हजार मतदार नेता येत नाहीत. सदस्यांनी पाडलेला सरपंच गावाने मतपेटीतून वाचवल्याची उदाहरणं महाराष्ट्रात झालेली आहेत.

उणीव आहे ती कागदाची. ग्रामसभेत रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या हातात मतपत्रिका येते, पण आरोप काय आणि सरपंचाचं उत्तर काय हे तिने बहुधा पारावर ऐकलेलंच असतं. राष्ट्रपतींना चौदा दिवसांची लेखी सूचना मिळते. सरपंचाला तहसीलदारांच्या सभेपर्यंत जेमतेम आठवडा मिळतो. थेट सरपंचाच्या बाबतीत ग्रामसभेआधी चौदा दिवस द्यावेत. नोटीस आणि सरपंचाचा लेखी खुलासा, दोन्ही ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक वस्तीवर लावावेत. पैशाचा आरोप असेल तर कलम ३९ ची चौकशी आपोआप सुरू व्हावी आणि सरपंच पदावर राहो वा जावो, ती पुरी व्हावी. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. १९७५ पासून चालत आलेल्या अविश्वास ठरावाच्या नियमांत सरकारने आणि कलम ३५ मध्ये मुंबईच्या विधानमंडळाने एका अधिवेशनात करण्याजोगी ही दुरुस्ती आहे, आणि नगर जिल्ह्यातल्या बारा आमदारांपैकी मंत्री नसलेला कोणीही तिचं अशासकीय विधेयक मांडू शकतो.