अर्धस्वयंचलित शॉटगनमधील काडतूस-भरणाचे दोष : ‘ऑटो-५’ बंदुकीच्या आधारे कारणमीमांसा

प्रस्तावना

अर्धस्वयंचलित शॉटगनमध्ये रिकामे काडतूस बाहेर टाकणे आणि मॅगझिनमधील नवे काडतूस चेंबरमध्ये बसविणे ही दोन्ही कामे उडालेल्या काडतुसाच्या ऊर्जेवरच पार पडतात. नेमबाजाला केवळ पुन्हा चाप ओढावा लागतो. ही साखळी कोठेही तुटली तरी तक्रार एकच असते : ‘काडतूस चढत नाही.’ त्यामुळे दोष मॅगझिनमध्येच असावा असा समज होतो. प्रत्यक्षात दोष दिसतो ती जागा आणि त्याचे कारण असते ती जागा अनेकदा भिन्न असतात. प्रस्तुत लेखात जॉन ब्राउनिंग यांच्या ‘ऑटो-५’ या बंदुकीच्या आधारे या भेदाचे विवेचन केले आहे. ब्राउनिंग यांना या रचनेचे पेटंट १९०० मध्ये मिळाले आणि १९०२ मध्ये बेल्जियममधील हेर्स्टाल येथील एफ. एन. कारखान्याने तिचे उत्पादन हाती घेतले.

कार्यपद्धती

काडतूस उडताच ‘ऑटो-५’ची नळी व बोल्ट एकमेकांत अडकलेल्या स्थितीत पूर्ण अंतर मागे जातात. तेथे बोल्ट रोखला जातो व नळी एकटी पुढे परतते. या वेळी रिकामे काडतूस बोल्टला धरलेले असल्याने ते चेंबरमधून मोकळे होऊन बाहेर फेकले जाते. त्यानंतर मॅगझिनमधून सुटलेले काडतूस खालची पट्टी वर उचलते आणि पुढे येणारा बोल्ट ते चेंबरमध्ये ढकलतो.

नळी परत आणणारी स्प्रिंग मॅगझिनच्या नळकांड्याभोवती असते. तिच्या पुढच्या टोकाशी कांस्याची घर्षणकडी असते. तिच्या जोडीला उताराची कड असलेले पोलादी कडे असते. जोरदार काडतुसांसाठी हे कडे स्प्रिंग व घर्षणकडी यांच्यामध्ये, उतार घर्षणकडीकडे करून बसवितात. त्यामुळे घर्षणकडी नळकांड्यावर आवळली जाऊन नळीचा वेग कमी होतो. हलक्या काडतुसांसाठी तेच कडे स्प्रिंगच्या मागे ठेवतात. तेथे त्याचा ब्रेक म्हणून उपयोग होत नाही.

दोषांचे निदान

निदानाची पहिली पायरी म्हणजे क्रिया कोणत्या टप्प्यावर थांबली हे पाहणे.

१) रिकामे काडतूस खिडकीत अडकणे, किंवा ते बाहेर पडूनही नवे वर न येणे : बोल्ट पूर्ण मागे गेला नसण्याची शक्यता येथे प्रथम विचारात घ्यावी. हलके काडतूस वापरताना कडे जोरदार काडतुसांच्या जागी राहणे, नळकांडे कोरडे किंवा गंजलेले असणे, अथवा बंदूक खांद्याला सैल धरणे ही त्याची कारणे होत. येथे मॅगझिन निर्दोष असते. उणीव ऊर्जेची असते.

२) बोल्ट पूर्ण मागे जाऊनही मॅगझिनमधून काडतूस न सुटणे : मॅगझिनची स्प्रिंग दुबळी होणे, नळकांड्याला पोचा पडणे किंवा काडतूस रोखणारा खटका झिजणे ही कारणे संभवतात. अनेक ‘ऑटो-५’ बंदुकांना मॅगझिनचा पुरवठा बंद करणारी कळ असते. ती बंद स्थितीत राहिल्यानेही हेच लक्षण दिसते, म्हणून ती सर्वप्रथम पाहावी.

३) काडतूस वर येऊनही बोल्ट पूर्ण बंद न होणे : चेंबरमधील मळ, फुगलेले काडतूस, किंवा दस्त्यातील बोल्टच्या स्प्रिंगभोवती घट्ट झालेले जुने तेल हे येथील कारण असू शकते.

ऊर्जेचा दोष व मार्गाचा दोष वेगळे करण्यासाठी दारूविरहित सरावाची काडतुसे हाताने चालवून पाहतात. हाताने ती सुरळीत चढत असतील, तर शोध ऊर्जेच्या दिशेने न्यावा. एका वेळी एकच बदल करून परिणाम नोंदविला, तरच निदान विश्वसनीय ठरते.

अन्य रचनांनाही हे तत्त्व लागू पडते. १९६३ मध्ये आलेली ‘रेमिंग्टन ११००’ वायूच्या दाबावर चालते. तिच्या मॅगझिनच्या नळकांड्यावरील रबरी कडी तडकली की वायू गळतो, बोल्ट अपुरा मागे जातो आणि तक्रार मात्र काडतूस न चढण्याचीच होते.

चुकीच्या उपायाचे परिणाम

अतिघर्षणाचा दोष लगेच दिसतो. अल्पघर्षणाचा दोष दिसत नाही. काडतूस चढत नाही म्हणून कडे कायमचे मागे ठेवले किंवा नळकांड्यावर भरपूर तेल ओतले, तर बंदूक सुरळीत चालू लागते. परंतु नंतर जोरदार काडतुसे वापरल्यास नळी अनावर वेगाने मागे आदळते, धक्का वाढतो आणि पुढच्या लाकडी भागाला तडे जाऊ शकतात. बंदूक चालते, एवढ्यावरून तिची जुळणी योग्य आहे असे सिद्ध होत नाही.

काही अडथळे तर बंदूक चालविण्याचा प्रयत्नच थांबविण्याची सूचना देतात. आवाज नेहमीपेक्षा मंद आला, तर नळीत अडथळा राहिला असण्याची शक्यता असते. २० गेजचे काडतूस १२ गेजच्या नळीत चेंबरच्या पुढे जाऊन अडकते. त्यामागे १२ गेजचे काडतूस भरून उडविल्यास नळी फुटू शकते. जुन्या १६ गेज ‘ऑटो-५’पैकी अनेकींचे चेंबर ६५ मिलिमीटरचे आहे, त्यांत ७० मिलिमीटरची आधुनिक काडतुसे वापरू नयेत. म्हणून कोणत्याही तपासणीपूर्वी बंदुकीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझिन व चेंबर रिकामे करणे आणि नळी आरपार पाहणे अनिवार्य ठरते. झिजलेल्या भागांची दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडेच सोपवावी.

निष्कर्ष

काडतूस न चढणे हे लक्षण आहे, कारण नव्हे. ऊर्जा, घर्षण, पुरवठ्याचा मार्ग आणि काडतुसाची योग्यता या क्रमाने विचार केल्यास अनावश्यक सुटे भाग बदलण्याची वेळ सहसा येत नाही. ‘ऑटो-५’चे उदाहरण यापुढे जाऊन आणखी एक गोष्ट स्पष्ट करते. लक्षण नाहीसे करणारा प्रत्येक उपाय कारण दूर करतोच असे नाही. कधी तो दोषाला केवळ दृष्टीआड करतो आणि यंत्राची हानी मात्र चालूच राहते.