कॉकर स्पॅनिअल : रूप आणि स्वभाव

ठाणे खाडीच्या काठचे घणसोली हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. सिडकोच्या वसाहती गावाला येऊन भिडल्या आणि दारात राखण करणाऱ्या गावठी कुत्र्यांच्या जोडीला सदनिकांमधून विदेशी जातीची कुत्री दिसू लागली. बेताच्या आकाराचा, गोजिरवाणा कॉकर स्पॅनिअल अशा घरांना सहज पसंत पडतो.

या कुत्र्याचा पिंड मात्र दिवाणखान्यातला नव्हे. झुडपांत दडलेला ‘वुडकॉक’ पक्षी उठविण्याचे काम इंग्लंडात त्याच्याकडे असे. ‘कॉकर’ हे नाव त्यावरूनच पडले. इंग्लिश कॉकरची उंची खांद्यापर्यंत सुमारे ३८ ते ४१ सेंटिमीटर असते. बांधा घट्ट, केस रेशमी आणि कान लांब, लोंबते. अमेरिकेत जोपासलेला प्रकार किंचित ठेंगणा, घुमटाकार डोक्याचा व अधिक केसाळ असतो. १९५५ सालच्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ या व्यंगचित्रपटाची नायिका याच प्रकारची.

डोळ्यांतील खिन्न भाव फसवा आहे. स्वभावाने हा प्राणी आनंदी व माणसांचा लोभी. तथापि, नाकाला व पायांना काम न मिळाल्यास आणि दिवसभर एकटे ठेवल्यास तो भुंकून घर डोक्यावर घेतो. मारझोड त्याला मुळीच मानवत नाही. भेदरलेले कुत्रे चावण्याचा संभव अधिक.

खरी जोखीम आहे ती त्याच्या सौंदर्यातच. लांब, केसाळ कानांच्या आत वारा खेळत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, तेथे ओल साचून जंतुसंसर्ग होतो. डोके झटकणे, कान खाजविणे, दुर्गंधी येणे ही त्याची लक्षणे होत. दुर्लक्ष झाल्यास कानाची नळी जाड होऊन शस्त्रक्रियेची पाळी येते; ऐकूही कमी येऊ लागते. आंघोळीनंतर कान कोरडे करावेत, आतील बाजूचे केस कातरून घ्यावेत व आठवड्यातून एकदा कान उलटून पाहावेत. कोमट तेल घालण्याची घरगुती रीत येथे उपयोगाची नाही, पशुवैद्यकालाच दाखवावे. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे होताच टोचून घ्यावी.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानप्रजनकास नोंदणी आवश्यक असून आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. पिल्लू पसंत करताना शक्य तर त्याची आई पाहावी आणि तिचेही कान उलटून पाहावेत.